बाबांवर थांबवलेली कॅसेट

दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांत घरोघरी सीडी आल्या आणि व्हीसीआर माळ्यावर गेले. आमच्या अंबरनाथच्या घरी मात्र एक कॅसेट अजून कपाटात, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेली होती. ताईच्या लग्नाची. लग्नानंतर वर्षभरातच बाबा गेले. त्यांचा फोटो म्हणाल तर फॅक्टरीच्या ओळखपत्रावरचा एकच, आणि त्यातही शिक्का नेमका नाकावर मारलेला. चालतेबोलते बाबा होते ते त्या कॅसेटमध्येच.

आई म्हणाली, "ह्यांच्या स्मृतिदिनाच्या आत त्याची सीडी करून दे." मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, त्यामुळे दोन तासांचं काम आहे असं छाती फुगवून सांगितलं. त्यात महिना गेला.

आमचा व्हीसीआर केव्हाच बंद पडलेला. बदलापूरला हेंद्रेपाड्यात मामांकडे एक होता, तो आणला. उल्हासनगरच्या एका सिंधी मेकॅनिकच्या दुकानातून कॉम्प्युटरला जोडायचं कार्ड घेतलं. वायरी जोडल्या, कॅसेट घातली. हळद दिसली, मंडप दिसला, पहिल्या रांगेत बसून पानं खाणारे पाहुणे दिसले. मग बाबा हात जोडून माईकपाशी आले आणि चित्र फाटलं. आधी पांढऱ्या रेघा, मग रंग गेले, मग सगळा पडदा निळा. आवाजही बंद. मिनिटभराने पुन्हा चित्र आलं, तेव्हा पंगती बसल्या होत्या आणि कुणीतरी जिलेबी वाढत होतं. जिलेबी अगदी स्वच्छ दिसत होती.

मी व्हीसीआर उघडून आतलं फीत वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं. वायरी बदलल्या. ट्रॅकिंगचं बटण फिरवून फिरवून बोट दुखायला लागलं. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. प्रत्येक वेळी जिलेबी यायची, बाबा यायचे नाहीत. माझं डोकं फिरलं.

मामांना फोन करून म्हणालो, "मामा, तुमचं मशीन भंगार आहे."

"माझ्या मशीनवर अर्ध्या पाड्यानं पिक्चर बघितलेत," मामा म्हणाले. "तुलाच चालवता येत नसेल."

कार्ड घेऊन दुकानात गेलो आणि मेकॅनिकशी भांडलो. त्याने कार्ड लावून त्याची स्वतःची कॅसेट चालवून दाखवली. चित्र आरशासारखं. "साईं, माल में खोट नहीं है," तो म्हणाला. "आपकी कॅसेट लेके आओ."

मी तणतणत घरी आलो. आई दरवर्षी मे महिन्यात गोधड्यांबरोबर ती कॅसेटही गच्चीवर उन्हात ठेवायची, पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून. ते आठवलं आणि माझा तोल गेला. "तूच वाट लावलीस तिची," मी म्हणालो. "उन्हात वाळवायला ती काय कुरडई आहे?"

आई ताट घेऊन तांदूळ निवडत बसली.

दुसऱ्या दिवशी कॅसेट घेऊन गेलो. मेकॅनिकने तिचं झाकण उचललं, फीत हळूहळू पुढे सरकवली आणि एका जागी बोट ठेवलं. बाकी फीत काळी चकचकीत होती, तेवढाच तुकडा खरवडल्यासारखा दिसत होता. "धूप का काम नहीं है ये," तो म्हणाला. "किसी ने यहीं पे पॉज करके रखा है. बहुत बार. फीता रुकता है, पर अंदर हेड घूमता रहता है, वहीं के वहीं घिसता है."

मी खाली बघितलं. तो किसी मीच होतो.

धड फोटो नव्हता म्हणून, आमचा व्हीसीआर चालत होता तोवर, दरवर्षी स्मृतिदिनाला आम्ही टीव्हीवरच बाबांना थांबवायचो. हात जोडलेले, तोंड नुकतंच उघडलेलं. टीव्हीसमोर मेणबत्त्या आणि फुलं ठेवायची, सगळ्यांनी त्रिशरण पंचशील म्हणायचं. मशीन पाच मिनिटांनी आपोआप सुटायचं. बाबा बोलायला लागले की मी जरा मागे घेऊन परत थांबवायचो. वंदना झाली की टीव्ही बंद आणि सगळे जेवायला. इतक्या वर्षांत ते पुढे काय बोलले ते आम्ही कधी नीट ऐकलंच नाही. त्यांना बघून बघून मीच पुसून टाकलं होतं.

मेकॅनिकने एक गोष्ट मात्र सांगितली. आवाजाची पट्टी फितीच्या कडेला वेगळी असते, ती घासली जात नाही. चित्र खराब झालं की व्हीसीआरच निळा पडदा टाकतो आणि आवाज दाबतो. तो निळा पडदा सेटिंगमध्ये बंद करायचा.

घरी येऊन तसं केलं. आईला बोलावलं. "काल तुला उगाच बोललो, चूक माझी होती," म्हणालो आणि पॉजचं सगळं सांगितलं. ती नुसतीच टीव्हीसमोर बसली. पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि त्यातून बाबांचा आवाज, खणखणीत. मंडपवाल्याचे आभार, आचाऱ्याचे आभार, शेजाऱ्यांचे आभार. मग माईक खाली ठेवल्याचा आवाज, आणि जरा लांबून, हळू: "तू जेवलीस का गं?"

आई मुंग्यांकडे बघत म्हणाली, "नव्हते जेवले."

माझा हात सवयीने बटणाकडे गेला.

"थांबवू नकोस," आई म्हणाली. "बोलू दे त्यांना."