फेरीबोटीवर निघालेला सांदणाचा विषय

दाभोळच्या फेरीबोटीवरची ती भेट मी आजही विसरलेलो नाही. तिथे कुणी मला धमकावले नाही, कुणी पाकीट पुढे केले नाही. एका मोठ्या माणसाने माझ्या आईची चौकशी केली, एवढेच घडले.

मी मूळचा घाटावरचा. त्या वेळी खाडीकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी खाडीच्या तोंडाशी एका मच्छीमाराचे प्रेत मिळाले. चाळिशीचा माणूस, पहाटे लहान होडी घेऊन एकटाच जाळे लावायला गेला होता. डोक्याला जखम होती. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. होडी कलंडली आणि डोके खडकावर आपटले असणार, असे जो तो सांगत होता. पण पंचनाम्याच्या वेळी होडीच्या फुटलेल्या फळीवर लाल रंगाचे ओरखडे दिसले. होडी निळी होती.

मयताची बायको ठाण्यात आली. बाकावर बसायला सांगितले तरी उभीच राहिली.

"साहेब, तो खाडीत वाढलेला माणूस. असा गप्प बुडणार नाय. त्याने हाका मारल्या असतील ना? कोणी ऐकल्या असतील ना? मला बाकी काय नको. एवढंच शोधून द्या."

मी तिला शब्द दिला. पोलिसाने असा शब्द देऊ नये हे तेव्हा मला कळत होते, तरी दिला.

खबर आमच्या हवालदारामुळे मिळाली. तो तिथलाच, मासळीच्या लिलावात रोज चक्कर मारणारा. म्हणाला, "साहेब, एक चाचा हायत. जन्म जहाजावर काढला, आता घरी असतात. ते बोलतील. पण ठाण्यात येणार नायत."

"मग आपण जाऊ."

"जाऊ, पण गणवेश नको. आणि जीप तर बिलकुल नको. मी पुढे जाऊन सांगून ठेवतो, तुमी मागून एकटे या."

चाचांचे घर मच्छीमार वाडीत, मागची पडवी थेट खाडीवर. पहाटेच्या नमाजासाठी ते पडवीत वजू करत, म्हणजे हात-पाय-तोंड धूत, असताना त्यांनी सगळे पाहिले होते. एलईडी दिवे लावून बेकायदा मासेमारी करणारी एक मोठी लाल बोट गस्त चुकवत, दिवे मालवून खाडीत शिरली. होडीला धडकली. बोट थांबली. पाण्यातला माणूस हाका मारत होता. बोटीवरचे दोघे वाकून बघत होते. मग बोट निघून गेली. चाचा आपली होडी काढून तिथे पोहोचेपर्यंत पाण्यावर कुणीच नव्हते. बोट कुणाची हे वाडीत सर्वांना ठाऊक होते. मालक एका बड्या नेत्याचा मेहुणा.

"मी कोर्टात सांगेन," चाचा म्हणाले. "पण मुलीचं लग्न होऊ दे. सासरचे लोक सगळे बोटीच्या धंद्यातले. तोवर माझं नाव बाहेर नको."

मी मान्य केले. लग्न दहा-बारा दिवसांवर होते. जबाब त्यानंतर घ्यायचा ठरला. निघताना त्यांच्या घरच्यांनी मला बसवून सांदण वाढले. तांदळाची वाफवलेली, जाळीदार, किंचित गोड वडी, वर नारळाचे दूध. असे काही मी आयुष्यात खाल्ले नव्हते. आवडले ते त्यांना सांगितले, त्यांनी आणखी वाढले.

चार-पाच दिवसांनी रत्नागिरीतली गुन्हे आढावा बैठक आटोपून मी परत निघालो. गुहागरच्या बाजूने फेरीबोटीत चढलो तर शेजारीच त्या नेत्यांची गाडी उभी राहिली. ताफा नाही, पत्रकार नाहीत. ते खाली उतरले आणि एका मासेवालीची पाटी उतरवायला लागले. ती म्हणाली, "शर्टाला वास लागेल हो."

"लागू दे की. मग घरी विचारतील तरी, मासे आणलेत का म्हणून."

ती हसायला लागली. एका पोराने मोबाइल वर धरला तर त्यांनी हातानेच त्याला खाली घ्यायला लावला. "राहू दे रे. जरा घरच्यासारखं बसू दे."

मला बघून ते स्वतः जवळ आले. वाकून नमस्कार करायची वेळ माझी, पण त्यांनीच माझा हात हातात घेतला. टीव्हीवर आरडाओरडा करणारा माणूस इतक्या हळू आवाजात बोलत असेल असे वाटले नव्हते. घर कुठले, घरी कोण कोण, आई इकडे रमली का. आईचे गुडघे दुखतात म्हटल्यावर त्यांनी त्यांच्या आईचे सांगितले. रोज रात्री ते स्वतः तिच्या गुडघ्यांना तेल चोळत असत. तेल कसे करायचे तेही सांगितले. माझ्या साहेबांनीसुद्धा कधी माझ्या आईची चौकशी केली नव्हती. मी विरघळलो.

"बरं, आमच्याकडे येऊन काय खाल्लंत? फक्त मासेच?"

"नाही साहेब. परवा खाडीकाठी कामाला गेलो होतो, तिथे सांदण खाल्लं. नारळाच्या दुधातलं."

ते मनापासून हसले. "म्हणजे आता तुम्ही आमचे झालात."

फेरी लागली. जाताना त्यांनी गाडीची काच खाली करून पुन्हा सांगितले, "तेल कोमट करून लावा."

चाचांच्या मुलीचे लग्न पार पडल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्या लाल बोटीच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, चौकशीसाठी बोलावले. आधी तो म्हणाला बोट त्या पहाटे बाहेर गेलीच नव्हती. मी त्याच्यासमोर डिझेल पंपाची पावती ठेवली. मग म्हणाला गेली होती, पण कशालाच धडकली नाही. मी बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नव्याने दिलेल्या रंगाचा फोटो ठेवला. तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. आता फुटेल असे मला वाटले. त्याने मान वर केली आणि शांतपणे विचारले, "लग्नघरचं सांदण गोड लागलं ना साहेब?"

मी उठून बाहेर व्हरांड्यात आलो. हवालदाराला बाजूला घेऊन विचारले, "तू कुणाला बोललास?"

"कशाचं?"

"मी चाचांकडे सांदण खाल्लं ते."

"ते मला तरी कुठे सांगितलंत? मी दारातूनच परत फिरलो होतो." मग त्याचा चेहरा बदलला. "तुमी कोणाजवळ बोललात?"

मी फेरीबोटीचे सांगितले.

"साहेब, तुमी घाटावरचे, तुमाला काय माहीत. त्या वाडीत सांदण असं उठसूट होत नाय. सणाला, नायतर लग्नघरात. आता सण नाय. आणि लग्न एकाच घरात होतं."

मी तसाच चाचांकडे गेलो. कुणी घरात घुसले असेल, मुलीच्या सासरी काही बोलले असेल, नाना शंका मनात होत्या. मांडव अजून उतरायचा होता. चाचा पडवीत बसले होते.

"चाचा, कोणी धमकी दिली?"

"धमकी?" ते माझ्याकडे बघत राहिले. "साहेब, तो पुढारी काल लग्नाला आला. बोलावलं नव्हतं, तरी आला. एकटा. व्हिडिओवाल्याला म्हणाला, कॅमेरा बंद कर. माझी बहीण अंथरुणाला खिळलेली, तिच्या खाटेवर बसला, तिच्या हातचा घास खाल्ला. ती सहा महिन्यांनी हसली. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाला, चाचा, तुमची मुलगी ती माझी मुलगी."

"आणि बोटीचं?"

"एक अक्षर नाय. बोटीचं नाव काढलं असतं ना, तर त्या मांडवातच सगळ्यांसमोर बोललो असतो. मी समुद्रात लुटारू बघितलेला माणूस, मला कोण घाबरवणार? पण तो माझ्या घरी जेवून गेला. आता मी कोणत्या तोंडाने उभा राहू?" मग त्यांनी विचारले, "त्याला माझं घर कोणी दाखवलं?"

मी सांगितले. आढेवेढे घेतले नाहीत. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त खाडीकडे तोंड फिरवले. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. होडीवरचा रंग आणि बोटीवरचा जुना रंग एकच निघाला. तांडेलाने धडक कबूल केली, पण धक्का जाणवलाच नाही, असे म्हणाला. बोट थांबली होती, दोघांनी वाकून पाहिले होते, माणूस जिवंत होता, हे सांगणारे कुणी उरले नव्हते. निष्काळजीपणाचा गुन्हा राहिला. तांडेल थोडक्यात सुटला. मालकापर्यंत कागद पोहोचलाच नाही. सांदणाचे मी केस डायरीत लिहिले नाही.

निकालाच्या दिवशी मयताची बायको कोर्टाच्या पायरीवर उभी होती. तिने तेच विचारले. "साहेब, त्याने हाका मारल्या होत्या का?"

मी म्हणालो, "ते कळू शकलं नाही."

पुढे मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि रत्नागिरीतच स्थायिक झालो. प्रशिक्षणात आम्हाला लाच ओळखायला शिकवतात, दबाव ओळखायला शिकवतात. आपुलकी समोर आली तर काय करायचे हे कुणी शिकवले नव्हते. ते नेते ढोंगी होते असे म्हणता आले असते तर मला सोपे गेले असते. मला तसे म्हणता येत नाही. मासेवालीची पाटी त्यांनी मनापासून उतरवली होती, असेच मला अजूनही वाटते. आणि त्याच मनाने त्यांनी चाचांचे तोंड बंद केले.

गेल्या महिन्यात मांडवीच्या जेट्टीवर ते अचानक भेटले. संध्याकाळी फिरायला आले होते, बरोबर एकच माणूस. इतक्या वर्षांनी त्यांनी मला नावाने हाक मारली. "आई कशा आहेत? तेल लावता की नाही?"

"लावतो," मी म्हणालो, आणि मला बरे वाटले. क्षणभर खरोखर बरे वाटले. मग मी घाईने निरोप घेतला.

आई आता थकली आहे. रोज रात्री मी ते तेल कोमट करून तिच्या गुडघ्यांना चोळतो. ती म्हणते, ज्याने सांगितलं त्याचं भलं होवो. मी चोळत राहतो. तेलाचा गुण येतो.