तिसऱ्या नावाआधी

तिसरीच्या मुलींना मी पाढे म्हणायला लावले होते, तेवढ्यात शाळेच्या दारात एक घोडागाडीवाला येऊन उभा राहिला. रेवदंड्याहून निरोप घेऊन आला होता. "कातरीनमावशी गेल्या," तो म्हणाला, आणि त्याच दमात पुढचंही सांगून मोकळा झाला. "पाद्रीबाबांनी इचारलंय, त्यांना कुसवाच्या भायेर पुरायचं हाय, तर तुमची काय हरकत न्हाय ना?" मुली पाढा अर्धवट सोडून माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, "थांब जरा. मीच येते."

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. ज्यांना आमचं गाव ठाऊक नाही त्यांना हा प्रश्न विचित्र वाटेल, म्हणून सांगते. रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या आमच्या गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची दफनभूमी आहे. तिला गावात सिमितेर म्हणतात. भोवती दगडी कुसू आहे. बाप्तिस्मा झालेली माणसं कुसवाच्या आत पुरतात. बाहेर, उंडीच्या झाडाखाली, एकच कबर होती, हातभर लांबीची. ती माझ्या पहिल्या मुलाची. कातरीनमावशीला आत हक्काची जागा होती, नवरा आणि सासूसासरे तिथंच आहेत. तरी तिनं मरताना बाहेरची जागा मागून घेतली, माझ्या मुलाच्या शेजारची. आणि माझं मूल बाहेर राहिलं ते तिच्याचमुळे! आता कोणी मला हरकत आहे का म्हणून विचारलं तर मी काय सांगायचं होतं?

मी अलिबागची, एका मास्तरांची मुलगी. लग्न होऊन या गावात आले तेव्हा वीस वर्षांची होते. गावातली घरगुती बोली जुन्या पोर्तुगीज वळणाची, मला तिच्यातलं ओ की ठो कळत नसे. माझ्याशी घडाघडा मराठी बोलणारी एकच बाई, ती म्हणजे कातरीनमावशी. नात्यानं माझ्या यजमानांची लांबची मावशी, आणि गावची सुईण. कोळ्यांच्या, मुसलमानांच्या, तेल्यांच्या, सगळ्यांच्या घरी तिला बोलावणं असे, त्यामुळे मराठी तिच्या जिभेवर होती. उंचीला बेताची, पण हात एखाद्या गड्यासारखे मोठे. मी जात्याच चौकस. पोटुशी असताना मी तिला शंभर गोष्टी विचारून भंडावून सोडलं तेव्हा ती म्हणाली होती, "बाय, ज्येला परश्न जास्त त्येला कळा जास्त!" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसली होती.

आमच्यात सुइणीकडे एक जास्तीचं काम असतं. पाद्रीबाबा आठवड्यातून एकदा खाडी ओलांडून येत. मूल अशक्त जन्मलं, जगेल असं दिसेना, तर त्यांची वाट पाहायची नाही. सुइणीनंच त्याच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतायचं आणि तीन नावं घ्यायची, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. तो बाप्तिस्मा पाद्रीबाबांच्या बाप्तिस्म्याइतकाच खरा. म्हणून कुठल्याही ख्रिस्ती घरात बाळंतपणाला गेली की ती गरम पाण्याच्या हंड्याशेजारी गार पाण्याची काशाची वाटी भरून ठेवी. सासूनं तिला शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं.

माझं मूल वैशाखातल्या एका दुपारी जन्मलं. यजमान मुंबईला गोदीत नोकरीवर होते. खोलीत मी, सासूबाई आणि मावशी, तिघीच. मूल निळं पडलं होतं. मावशीनं त्याला उलटं धरलं, पाठीवर चोळलं, तोंडात फुंकर घातली. एकदा ते कण्हलं... तेवढंच. मग तिनं वाटी उचलली. पहिलं नाव, पाणी. दुसरं नाव, पाणी. आणि तिथं तिचा हात थांबला. वाटी डाव्या हातात तशीच राहिली आणि उजवा हात मुलाच्या छातीवर गेला. बाप्तिस्मा देणारी दुसरी कोणी असती तर तिसरं नाव सहज घेऊन गेली असती. पण ती आधी सुईण होती, श्वास अडकल्यासारखा वाटला की हात छातीवर जाणारच. हात काढला तेव्हा मूल गेलेलं होतं. मेलेल्याला बाप्तिस्मा देत नाहीत. तिनं वाटी खाली ठेवली.

तिसऱ्या प्रहरी पाद्रीबाबा आले. नवे होते, तरुण होते, होडीतून उतरून उन्हातून धावत आले होते. त्यांनी विचारलं, "तिन्ही नावं घेतलीस?" सासूबाई घाईनं म्हणाल्या, "घेतली, बाबा, घेतली." मी डोळे मिटून पडले होते. मावशी म्हणाली, "न्हाय. दोनच."

पाद्रीबाबांचा चेहरा पडला. ते दुष्ट नव्हते, पण नियम त्यांच्या हातातला नव्हता. नावं अपुरी म्हणजे संस्कार अपुरा, आणि संस्कार अपुरा म्हणजे कुसवाच्या बाहेर. जाताना तेही रडले, पण जागा काही बदलली नाही. त्यांच्यावर माझा राग नव्हता. माझा सगळा राग मावशीवर. एक शब्द, फक्त एक शब्द ती खोटं बोलली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं? मी तिला तसं तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "बाय, त्येंच्याच नावानं त्येंच्याशी खोटं कसं बोलू?" मी भिंतीकडे तोंड केलं. पुढं दीड वर्ष मी तिच्याशी बोलले नाही. विहिरीवर ती आली की मी रिकामी घागर घेऊन परत येत असे.

मग एक दिवस ती सरळ आमच्या पडवीत येऊन बसली. मी सुकी मासळी निवडत होते. "बोलू नको माज्याशी," ती म्हणाली, "पन तू शिकलेली हाईस, म्हून येक इचारते. तिगं मिळून येकच देव, असं आपन म्हंतो. मंग दोगांना हाक मारली तर तिसरा दाराभायेर उबा ऱ्हातो काय?"

खरं सांगते, मला राग धरून ठेवायचा होता. पण असा प्रश्न कोणी समोर टाकला आणि मी गप्प बसले, असं आयुष्यात झालेलं नाही! लहानपणापासून दिवसातून दहादा मी क्रूसाची खूण करत आले होते, जेवणाआधी, झोपण्याआधी, होडीत पाय ठेवण्याआधी. कपाळ, छाती, खांदे. तीन नावं तोंडातून आपोआप यायची. पण तीन ते एक कसे आणि एक ते तीन कसे, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. मी निवडलेली मासळी बाजूला सारली आणि तिला म्हटलं, "सांगते. मला चार दिवस दे."

चार दिवसांची पुढं चार वर्षं झाली. मी वडिलांकडून धर्मशिक्षणाची पुस्तकं मागवली. वाचून जे हाती लागे ते घेऊन तिच्या चुलीशी जाऊन बसू लागले. पहिल्यांदा मी नारळ घेऊन गेले. करवंटी, खोबरं, पाणी, तीन असून नारळ एकच. ती पापलेट साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "नुसती करवंटी म्हंजे काय नारळ न्हाय. माजा पुत्र काय देवाचा तुकडा हाय?" झालं, नारळ बाद. पुढच्या खेपेला मी पाणी, बर्फ आणि वाफ आणली. बर्फ तिनं जन्मात एकदाच पाहिला होता, मुंबईला, भुशात गुंडाळलेला. विचार करून ती म्हणाली, "बर्फ आसतो तवा वाफ नसते. म्हंजे येकच देव तीन सोंगं घेतो? मंग पुत्र पित्याशी बोलतो ते कुनाशी, आरशाशी?" तिसऱ्यांदा मी एका घरातले तीन भाऊ सांगितले. तेव्हा मात्र ती खदखदून हसली. "तीन भाव? अगो, मंग वाटनी व्हनार!"

पुढं तरुण पाद्रीबाबा बदलून गेले आणि एक म्हातारे आले. त्यांना मी हे सगळं सांगितलं तर ते किती वेळ हसत होते. म्हणाले, जुन्या काळी मोठमोठ्या पंडितांनी नेमक्या याच तीन चुका केल्या, आणि त्या खोडून काढायला पिढ्या लागल्या. तुमच्या सुइणीनं पापलेट साफ करता करता खोडल्या! मी ते मावशीला मोठ्या कौतुकानं सांगितलं. तिला त्याचं काही नव्हतं. ते गावात आले तेव्हा तिनं त्यांना आपलाच प्रश्न विचारला, दोघांना हाक मारली तर तिसरा येतो का? त्यांनी सांगितलं की मूल जिवंत आहे की नाही अशी शंका असली तरी नावं पुरी करायची असतात, तिनं थांबायला नको होतं. मावशी म्हणाली, "शंका कुटं हुती, बाबा? माजा हात छातीवर हुता." तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनीही दिलं नाही.

उत्तर मिळालं नाही म्हणून तिनं काम थांबवलं नाही. त्या दिवसानंतर तिनं एक नवीन रीत सुरू केली. बाळंतपणाला निघाली की वाटेनं चालताना ती सगळ्यात आधी पवित्र आत्म्यालाच हाक मारी. मी कारण विचारलं. "तुला आदी बोलावते, मागनं येळ गावंल न गावंल," असं ती त्याला सांगे म्हणे. चूल पेटवताना पिता, कारण घरात जे आहे ते त्यानं दिलेलं. उन्हात पाय भाजायला लागले की पुत्र, कारण तो अनवाणी हिंडलेला आहे. मी पुस्तकात तिघांचं एकत्व शोधत होते, ही बाई तिघांशी दिवसभर बोलत होती. आणि कोणाशी बोलतेय याचा तिचा घोटाळा कधी झालेला मी पाहिला नाही.

रेवदंड्याच्या तेल्याच्या घरची रिबका आमची दोघींची मैत्रीण. त्या यहुदी लोकांना शनिवार पाळायचा असतो, आणि त्यांचा देव एकच. तिची मुलं मावशीच्याच हातांवर जन्मली. एकदा आमचा वाद ऐकून ती म्हणाली, "आमचं बरं आहे बाई. एकच. विसरायची भानगडच नाही." मावशीनं तिला विचारलं, "तुजा येकटाच ऱ्हातो काय गो? करमतं काय त्येला?" रिबका म्हणाली, "एकटा कसला! आम्ही दिवसभर त्याच्या कानाशी कटकट करतो की." सगळ्या हसलो. पण होडीतून परत येताना, काठ आला तेव्हा मावशी माझा हात धरून म्हणाली, "बाय, आपला देव कुनी नव्हतं तवा बी येकटा नव्हता. पुत्र हुता, आत्मा हुता. त्येच्या घरात पयल्यापासून मानसं हायत. मंग त्यो तुज्या पोराला येकटं ठेवील काय?" मी तिचा हात सोडवून घेतला. माझं मूल कुसवाच्या बाहेर एकटंच होतं, रोज संध्याकाळी मला ते दिसत होतं. ते तिच्यामुळे होतं, हे मी विसरायला तयार नव्हते.

नंतरची माझी दोन्ही मुलं तिनंच या जगात आणली. आम्ही एका ताटात जेवलो. मुलांच्या शाळेसाठी मी अलिबागला राहायला आले, तिथंच मास्तरीण झाले, तरी सुट्टीत तिच्याकडे जायची. पण मी तिला क्षमा केली, असं कधी म्हटलं नाही. गेल्या नाताळात तिचे पाय सुजलेले होते, ओटीवर बसून होती. मी निघताना तिनं विचारलं, "राग गेला काय गो?" मी म्हटलं, "कसला राग? पायांना तेल लाव आधी." ...एवढंच म्हणून मी होडी गाठली. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

निरोप आला त्या दिवशी गाव गाठेपर्यंत उन्हं कलली होती. आताचे पाद्रीबाबा सिमितेरच्या फाटकाशी माझी वाट पाहत उभे होते. म्हणाले, तिनं शेवटल्या दिवशी सांगितलं, बायचं पोर तिथं एकटं आहे, मी जाते त्याच्यापाशी. पण बायला विचारा, तिची ना असेल तर मला आत पुरा. पाद्रीबाबा म्हणाले की बाहेरच्या जमिनीलाही आशीर्वाद देता येतो, तुम्ही सांगाल तसं करू. म्हणजे शेवटी तिनं उत्तर माझ्यावर सोडलं होतं! मी म्हटलं, "बाहेरच."

कबर माझ्या मुलाच्या कबरीला लागून खणली. गावातल्या जवळजवळ सगळ्या बायका आल्या होत्या, त्यांतल्या निम्म्या तिच्या हातांवर जन्मलेल्या. आमच्यात जवळच्या माणसानं तीन मुठी माती टाकायची असते. तिचं जवळचं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी पुढं झाले. पित्याच्या, म्हणून एक मूठ टाकली. पुत्राच्या, म्हणून दुसरी. आणि तिसऱ्या मुठीला शब्दच फुटेना. मूठ हवेत तशीच राहिली. आता काय करायचं ते मला सुचेना... आणि माझ्या मागून, कोणी न सांगता, सगळ्या बायकांनी एका आवाजात म्हटलं, "आणि पवित्र आत्म्याच्या."

मी मूठ उघडली. निम्मी माती तिच्यावर पडली, निम्मी शेजारच्या छोट्या कबरीवर. मी तिथंच गुडघ्यांवर बसले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मावशी, गेला गो राग."