सफारीवरचा ब्रश

कुर्ल्याला पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या एका मित्राची भट्टी होती. खाणीतून आलेला भुकटीसारखा माल भाजून तो त्यातला गंधक उडवायचा, मग टाकणखार घालून मुशीत वितळवून सोनं काढायचा. मी संध्याकाळी गप्पा मारायला टपकायचो. निघालो की म्हणायचा, “थांब रे, असा नको जाऊस.” पायाखाली कागद अंथरून, मऊ ब्रशने माझा सफारी झटकायचा. घाटकोपरला घरी पोचल्यावर मी बायकोला ऐकवायचो, “बाहेर बघ मला काय मान आहे!”

एकदा भट्टीमागे झोपलेला बोका उठून दाराकडे निघाला.

“थांब रे, असा नको जाऊस,” म्हणत त्याने बोक्यालाही कागदावर घेतलं, मायेने ब्रश फिरवला आणि पडलेली पूड मुशीत ओतली.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुझ्यापेक्षा ह्याच्या अंगाला माल जास्त लागतो.”