बाराव्या भागाची वाट

माझ्या मामेभावाएवढा प्रेमाचा अभ्यास उभ्या वर्धा जिल्ह्यात कोणी केला नसेल, आणि एवढा अभ्यास करून ऐन परीक्षेच्या दिवशी घरी बसलेला विद्यार्थीही दुसरा सापडणार नाही. तो तळेगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. मांगा नावाची जपानी चित्रकथांची पुस्तकं असतात, ती इंग्रजी भाषांतरात त्याला कुठल्याशा प्रदर्शनात दिसली आणि माणूस हातचा गेला. ही पुस्तकं मागच्या पानापासून, उजवीकडून डावीकडे वाचतात. ती सवय त्याच्या हाडात एवढी मुरली की वर्तमानपत्र, दिवाळी अंक, बँकेचं पासबुक, सगळं तो मागून उघडायचा. लग्नपत्रिकाही मागूनच वाचायचा, त्यामुळे जेवण कुठे ते आधी कळायचं आणि लग्न कोणाचं ते नंतर. अर्थात हे आमच्याकडे पुष्कळ जण मांगा न वाचताही करतात.

चित्रांत तर त्याने कहर केला. मांगातल्या माणसांचे डोळे बशीएवढे आणि नाक नावापुरतं असतं. पोळ्याच्या वेळी शाळेच्या भिंतीवर बैलजोडी काढायला सांगितली, तर याने बैलांना लांब पापण्या काढल्या, डोळ्यांत चांदण्या भरल्या आणि गालांना गुलाबी रंग दिला. मुख्याध्यापक बराच वेळ भिंतीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "सर, बैल लाजून काऊन राह्यला?" हा शांतपणे म्हणाला, "पहिल्यांदाच जोडी जमली ना सर त्याची." ती भिंत पाहायला पोळ्यानंतरही लोक येत. आमची मामी मात्र त्या रस्त्याने जाणं टाळायची.

पण त्याचा खरा जीव अडकला होता तो एकाच कथेत. एका लहानशा रेल्वे स्टेशनवर रोज भेटणारा मुलगा आणि मुलगी. पहिल्याच पानावर मुलगा ठरवतो, की हिला मनातलं असं सांगेन की ती जन्मभर विसरणार नाही. एवढं वचन देऊन तो जो गप्प बसला तो अकरा भाग गप्प. कधी गाडी येते, कधी छत्री उडते, कधी नुसतंच झाडाचं पान गळतं. मी दोन भाग वाचून पुस्तक आपटलं आणि विचारलं, की या पोराच्या कानाखाली वाजवणारं जपानात कोणी नाही का? तो म्हणाला, "ताई, तुले घाई फार. न बोलण्यातच सारी मजा आहे."

या मजेत त्याने शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनाही ओढलं. मॅडम केळझरच्या, हसऱ्या, आणि कामापुरतं पण नेमकं बोलणाऱ्या. एकेक भाग नेऊन त्या मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत वाचायच्या आणि परत देताना दर वेळी तेच विचारायच्या, हा पोरगा बोलत का नाही. मामेभाऊ समजावायचा. समजावणं सुट्टी संपेपर्यंत चालायचं, आणि सुट्टी संपल्याचं दोघांनाही वाईट वाटायचं. हे सगळ्या शाळेला दिसत होतं, मॅडमनाही दिसत होतं. याला दिसतं की नाही हे विचारायला मी मुद्दाम तळेगावला गेले, तेव्हा कळलं की सगळ्यात आधी यालाच दिसलं होतं. पण याचा बेत पक्का होता. बाराव्या, म्हणजे शेवटच्या भागात तो मुलगा बोलणारच. मग आपण तेच पान उघडून मॅडमपुढे ठेवायचं. "माह्याच्यानं तसं सुचणार नाई, ताई," तो म्हणाला. "त्या जपानी लोकायले सुचते."

बारावा भाग लांबत गेला. तेवढ्यात मॅडमना वर्ध्याचं एक स्थळ आलं. त्यांनी ते लपवलं नाही. स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नसताना त्या म्हणाल्या, "सर, घरचे होकार मागून राह्यले. मी त्यायले म्हटलं, शेवटचा भाग येऊ द्या." याहून सरळ आणखी कोणती बाई बोलेल? याने आनंदाने मला फोन केला, की मॅडम थांबल्या आहेत. मी म्हटलं, अरे शहाण्या, मग आत्ताच्या आत्ता जाऊन बोल. तर म्हणे, पुस्तक तिकडून निघालं आहे.

पुस्तक आलं. पाकीट फोडून त्याने ते उभ्याउभ्याच वाचलं. शेवटी शेवटी दोघं स्टेशनवर समोरासमोर उभे आहेत, मुलगा तोंड उघडतो, आणि पान उलटलं की एकदम काही वर्षांनंतरचा काळ. त्याच स्टेशनवर त्यांची लहान मुलगी पळते आहे. तो काय बोलला, कसा बोलला, काही पत्ता नाही. पानं चिकटली असतील म्हणून याने नखाने सोडवून पाहिली. विकणाऱ्यालाही फोन केला. आणि मग दुसरं काही न सुचून पुस्तक तसंच मॅडमना दिलं. त्यांनी ते वाचलं, मिटलं आणि विचारलं, "सर, पुस्तकाचं राहू द्या. तुमाले काई सांगाचं आहे का मले?"

"हो," तो म्हणाला. आणि लेखकाची घाई, प्रकाशकाचा दबाव, वाचकांची फसवणूक यांवर त्याने घंटा होईपर्यंत भाषण दिलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, पुस्तक त्याच्या हातात ठेवलं आणि त्या वर्गावर गेल्या. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. हा जाऊन आला, जेवून पण आला. हे त्याने सांगितलं तेव्हा मला इतका संताप आला की मी फोनच ठेवून दिला. पुढे संताप गेला, पण वाईट वाटायला लागलं, ते अजून वाटतं.

परवा तळेगावला गेले होते. शेवटचा तास होता आणि पोरांनी त्याच्याकडे गोष्टीचा हट्ट धरला होता. मी दारातच थांबले. हा सांगत होता, की स्टेशनवर एक मुलगा येतो, त्याला एक मुलगी दिसते, आणि तो तिथेच, पहिल्याच पानावर तिला म्हणतो, तू मले आवडतं. एवढं सांगून तो फळा पुसायला लागला. पोरं पुढचं ऐकायला तशीच बसून राहिली. शेवटी एक मुलगी वैतागून म्हणाली, "सर, मंग स्टोरी काय राह्यली?"

"स्टोरी नाई राह्यली तं नाई राह्यली," तो म्हणाला. "पोरगी तं राह्यली ना."

पोरं हसली. मी आत जाऊन पोरांच्या मागच्या बाकावर बसले.