गणितात अठ्ठ्याण्णव, म्हणून डॉक्टर

दहावीला मला गणितात अठ्ठ्याण्णव पडले आणि विज्ञानात बहात्तर. यावरून मी डॉक्टर होणार, असं गावानं ठरवलं. निकाल दुपारी लागला आणि संध्याकाळी कासुर्डी फाट्यावर माझा फ्लेक्स. माझा फोटो बेताचा, चुलत्यांचा त्याच्या दुप्पट, खाली ठळक अक्षरांत 'भावी डॉक्टर'. चुलते तेव्हा सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते, हा निव्वळ योगायोग.

मी वडिलांना म्हणाले, "आप्पा, मला अकरावीला गणित घ्यायचंय."

"अगं, बोर्ड लागलाय आता. लोकं काय म्हणतील?"

मी पुन्हा बोलून पाहिलं. मग चुलते मला दौंडच्या क्लासच्या सरांकडे घेऊन गेले. सरांनी माझे मार्क न बघताच निकाल दिला, "नीटला गणित नसतंय. काढून टाका, भूगोल घ्या. सोपा जातो." अशा रीतीनं माझा एकुलता एक चांगला विषय सुटला. मला राग आला होता, पण आमच्याकडे हुशार मुलीनं रागवायचं नसतं, अभ्यास करायचा असतो.

दोन वर्षं मी यवतहून गाडीनं दौंडला जात होते. ज्युनिअर कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरतं तोंड दाखवायचं, बाकी सगळा वेळ क्लास. गाडीत एक मामा रोज भेटायचे. अकरावीतच त्यांनी मला गुडघा दाखवला, "डॉक्टरीणबाई, वर चढताना लई दुखतंय बघा." बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात, एवढंच मला तोवर माहीत होतं. त्याचा त्यांच्या गुडघ्याला काही उपयोग नव्हता.

नीटचा निकाल लागला. मार्क सांगत नाही, या खेपेला फ्लेक्स लागला नाही एवढं पुरे. चुलत्यांनी धीर दिला, "त्यात काय एवढं? इंजिनेरिंगला टाकू. गणित तिचं पहिल्यापासून भारी हाय."

आप्पा, चुलते आणि मी दौंडला प्रवेशाच्या केंद्रावर फॉर्म भरायला गेलो. तिथल्या मॅडमनी माझी बारावीची मार्कशीट वरून खाली वाचली, मग खालून वर.

"गणित कुठंय हिचं?"

चुलत्यांना नेमका तेव्हाच फोन आला आणि ते बाहेर गेले. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी एकट्या गणिताचा पेपर देता येईल. मग सीईटी. पण तयारी आत्तापासून हवी. भरायचा का फॉर्म?"

आप्पांनी मार्कशीट माघारी घेतली. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुला काय करायचंय, बाय?"

दोन वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर तर पाठ होतं. तरी तोंड उघडण्याआधी मी आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यांना कोणतं उत्तर चालेल ते बघायला.