झेलणाऱ्या मुली

माझ्या तोंडात पेढा होता. आख्खा. तोंडात पेढा असताना चारचौघांत अपमान झाला तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. गिळावा तर घशाशी अडकतो, थुंकावा तर आपणच असंस्कृत ठरतो.

प्रसंग असा. ठाण्यातलं आमचं कॉलेज, वरच्या मजल्यावरचा हॉल, आणि मुलींची बास्केटबॉल टीम डोंबिवलीत मॅच जिंकून आलेली. मी त्या टीमची कोच. कंत्राटी, दर जूनला नव्याने नेमणूक. माइकसमोर नाना. नाना म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. नौपाड्यातलं जुनं घराणं, पांढराशुभ्र सदरा, आवाज असा की लग्नात मंगलाष्टकं यांनीच म्हणावीत. शेजारी त्यांची पुतणी ईशानी, आमची मुख्य शूटर. नानांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

“शूटिंग आमच्या मुलींचं, डिफेन्स बाईंच्या मुलींचा. बाईंकडच्या मुली काटक असतात. धावतात, ढकलाढकली सहन करतात. पण नेम? नेम घरातून यावा लागतो.”

हॉलने टाळ्या वाजवल्या. ‘बाईंच्या मुली’ म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. कोलशेत गावठाणातल्या आणि वागळे इस्टेटच्या चाळींतल्या. मीही वागळेचीच. माझं आडनाव ऐकलं की नानांसारखी माणसं गाव विचारतात, आणि गाव सांगितलं की पुढे काही विचारायची त्यांना गरज उरत नाही. चेहऱ्यावर एक हसू येतं. प्रेमळ असतं हो ते हसू. तीच तर पंचाईत. शिवी दिली असती तर तो पेढा मी त्यांच्या सदऱ्यावर उडवला असता.

गिळला.

आता आमच्या टीमचं सांगते. टीम कसली, रोज नवा प्रयोग लागणारी नाटक कंपनी. डोंबिवलीत ईशानीने कुठल्याही कोपऱ्यातून बॉल टाकावा आणि तो जाळीतून सुळकन उतरावा. समोरची कोचसुद्धा तोंडात बोट घालून बसलेली. पुढच्या आठवड्यात तीच ईशानी, तोच बॉल, आणि रिंगला स्पर्शही नाही. एक शॉट तर थेट पंचांच्या पाण्याच्या बाटलीवर. बाटली पडली, पंच ओले, आमच्या खात्यात शून्य.

शॉट चुकला की ईशानी आणि तिच्या दोघी मैत्रिणी तिथेच थांबायच्या. कमरेवर हात, नाही तर पोनीटेल आवळणं. मागे धावायला उरायच्या दोघी. कोलशेतची सोनल आणि वागळेची तिची जोडीदारीण. दोघींनी पाच जणींना अडवायचं. आणि काय सांगू, एखाद्या दिवशी अडवायच्या! त्या दिवशी आम्ही जिंकायचो आणि नाना पेढे मागवायचे. बाकीच्या दिवशी आमची अब्रू जायची.

नानांचं न्यायदान ऐकण्यासारखं असे. ईशानीचा शॉट चुकला तर, “फॉर्म आहे बाई, येतो-जातो.” सोनलच्या हातून कुणी निसटलं तर, “आळस बरा नव्हे.”

पण खरी मेख सरावात होती. आमच्याकडे पूर्वापार एक पद्धत. संध्याकाळी नेमबाजीचा सराव सुरू झाला की तिघी रेषेवर उभ्या राहणार आणि बॉल टाकणार. बाकीच्या रिंगखाली. पडलेला बॉल झेलायचा आणि रेषेवरच्या ताईसाहेबांच्या हातात नीट परत फेकायचा. बस. झेल, परत दे. झेल, परत दे. संध्याकाळभर. नाना स्वतः फोल्डिंगची खुर्ची टाकून बसत, चहा पीत. मी एकदा सोनलला रेषेवर उभं केलं, तर खुर्चीतून आवाज आला.

“बाई, कशाला वेळ घालवताय? तिला तिचं काम करू द्या.”

‘तिचं काम.’ मला हे शब्द पाठ होते. मी ठाण्याच्याच एका कॉलेजात खेळले, सगळी वर्षं रिंगखाली. एकदाही बॉल रिंगकडे टाकला नाही. कुणी मनाई केली नव्हती, फक्त कधी पाळी आली नाही. शेवटी मला ‘उत्कृष्ट बचाव’ असा कप मिळाला. आईने त्यात चमचे ठेवले. चमच्यांचा बचाव उत्कृष्ट झाला, एकही हरवला नाही.

हसा. मीही हा किस्सा हसवायलाच सांगते. सांगून झाल्यावर घरी जाऊन गप्प बसते.

तर कल्याणची मॅच. ही साधी नव्हती. विद्यापीठाच्या टीमसाठी निवड करणारे लोक बघायला येणार होते. ईशानीला निवडीचं कौतुक होतं, सोनलला गरज होती. विद्यापीठाकडून खेळली तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीचा अर्ज करता येणार होता. नाही तर मावशीने सुपरवायझरशी बोलून ठेवलेलं. कोलशेतच्या टॉवरमध्ये हाउसकीपिंग. ज्या टॉवरखाली त्यांची भातशेती गेली, तोच टॉवर. त्याचेच जिने पुसायचे.

“मॅडम, मना निवडतील ना?” कल्याणला कोर्टवर उतरताना सोनलने विचारलं.

“तुझ्यासारखं अडवणारी इथे कोण आहे गं?” मी म्हणाले. खोटं नव्हतं.

त्या दिवशी ईशानीचा फॉर्म गेलेला. बॉल टाकतेय, चुकतोय. टाकतेय, चुकतोय. समोरच्या टीमने ओळखलं, बॉल शेवटी हिच्याकडेच जातो, हिला धरा, बाकीच्यांना सोडा. दोघी-दोघी ईशानीच्या अंगावर. शेवटी तिने वैतागून बॉल आत फेकला. सोनलकडे.

सोनल रिंगखाली उभी होती. एकटी. समोर कुणी नाही, मागे कुणी नाही. वर रिंग. नुसता हात वर करायचा. लहान मुलानेही घातला असता.

सोनलने बॉल झेलला. आणि वळून, नीट, छातीच्या उंचीवर, ईशानीला परत दिला.

मग अख्खं कोर्ट हसलं. समोरच्या पोरी, आमच्या राखीव पोरी, बाकांवरचं पब्लिक. एक मुलगा ओरडला, “अरे, ही तर कुरिअरवाली आहे!” निवडीचे लोक हसले नाहीत. त्यांनी एकमेकांकडे बघितलं फक्त. नाना पहिल्या रांगेत कपाळावर हात मारून घेत होते.

मला हसू आलं नाही. रिंगखाली सोनल नव्हती, मी होते. बॉल हातात, वर रिंग, आणि हात आपोआप मागे वळतोय.

मी टाईमआऊट घेतला. मुली गोल करून उभ्या राहिल्या. मी म्हणाले, “आता ईशानीकडे बॉल जाणार नाही. सोनलकडे जाईल. सोनल, तू मारायचा.”

“मॅडम, मना नाय जमाचा.”

“मार.”

“काका बघतायत,” ईशानी म्हणाली.

काका बघत नव्हते, काका कोर्टच्या रेषेपर्यंत आले होते. “बाई, हे काय चाललंय? हिला कशाला? निवडीचे लोक बसलेत!”

आयुष्यभर मी असल्या आवाजाला ‘हो सर’ म्हणत आलेले. त्या दिवशी मी वळले आणि म्हणाले,

“नाना, खाली बसा. टीम माझी आहे.”

माझा आवाज मोठा. चाळीत वाढलेली बाई मी, नळावर भांडून तयार झालेला आवाज. शेवटच्या बाकापर्यंत पोचला. नाना बसले. खरंच बसले!

इथे सिनेमा असता तर सोनलने बास्केटमागून बास्केट घातली असती. सिनेमा नव्हता. सोनलने पहिला मारला, बोर्डावरून उडाला. दुसरा रिंगच्या खालून गेला. लोक हसत होते. मी ओरडत होते, मार. तिसरा, चौथा. ती मारत होती, डोळ्यांत पाणी, आणि धावून अडवतही होती, कारण तिच्या ऐवजी धावणारं कुणी नव्हतं. एकही गेला नाही. आम्ही असे हरलो की समोरच्या पोरींनी शेवटी दयेपोटी जिंकल्याचा जल्लोषसुद्धा केला नाही.

निवडीत ईशानीचं नाव आलं. डोंबिवलीची मॅच त्यांच्यातल्या एकाने पाहिली होती, ती त्यांना आठवत होती. सोनलचं नाव नाही.

कोर्टच्या मागे नळावर सोनल तोंड धूत होती. मी जवळ गेले. म्हटलं, चांगलं खेळलीस.

तिने नळ बंद केला. “मना कशाला बॉल दिलात? इतके दिस झेलाला उभी केलीत. मना काय माहीत मारायचा कसा? आन् आज दिलात, सगल्यांसमोर. मी निस्ती अडवत रायली असती तर निवडली तरी असती.”

ती म्हणाली ते खरं असेल. मी नानांना बसवलं होतं, आणि त्याची किंमत तिच्याकडून वसूल झाली होती.

दुसऱ्या दिवशी सरावाला सोनल आली नाही. त्यानंतरही नाही. ऐकते, टॉवरमध्ये लागली. मी तिला बोलवायला गेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? आणि जाऊन काय देऊ?

सोनल आली नाही त्या पहिल्या दिवशी तिघी सवयीने रेषेवर गेल्या, बाकीच्या सवयीने रिंगखाली. मी म्हणाले, “खालून बाहेर या. सगळ्या रेषेवर. जिने बॉल टाकला तिनेच पळत जाऊन आणायचा.”

“मी पण?” ईशानीने विचारलं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं, पोरगी वाईट नाही.

“तू पण.”

ती बॅग उचलून गेली. संध्याकाळी नानांचा फोन. आवाज तोच, मंगलाष्टकांचा. “जूनमध्ये बघू, बाई.” म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

तर जूनपर्यंत मी आहे. रोज संध्याकाळी हे चालणार. टीम हरतेय, अजून हरेल. वाईट हरेल. या वर्षी तरी आता आणखी कुणाची निवड होणार नाही. जूननंतर नवा कोच येईल आणि पहिल्या संध्याकाळी मुलींना पुन्हा रिंगखाली पाठवेल, हेही मला दिसतंय. सोनलचं गेलेलं यातून परत यायचं नाही. येईल असं मी कुणाला सांगणारही नाही.

पण यापुढे मी जिथे असेन तिथे, पोरगी पहिल्या दिवशी कोर्टवर आली की आधी तिच्या हातात बॉल देणार. निवडीच्या लोकांसमोर नाही, मॅचमध्ये नाही. पहिल्या दिवशी. आणि कुणी म्हणालं की तिला तिचं काम करू द्या, तर त्याच्या तोंडावर सांगणार, हेच तिचं काम आहे. पटत नसेल तर मला आजच काढा. जूनची वाट बघू नका.