परबांच्या शोकेसमधलं इंजिन

सदर इसम नामे श्री. काशीराम विठू परब, वय वर्षे त्रेपन्न, वर्ण सावळा, बांधा किरकोळ, मूळ राहणार तालुका मालवण, हल्ली मुक्काम टेंभीपाडा, भांडुप पश्चिम, पूर्वी गिरणी कामगार, संपानंतर पवईच्या एका कारखान्यात पहारेकरी, कुटुंबप्रमुख, तसेच वडिलोपार्जित विदेशी यांत्रिक खेळण्यांचे संग्राहक, अभिरक्षक व ती हाताळण्याचा अधिकार असलेली एकमेव व्यक्ती.

ह्यातलं शेवटचं कलम शेवंतीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कधी मान्य केलं नव्हतं. तिच्या मते तिचा नवरा एका खोलीच्या घरात एक अख्खी भिंत अडवून बसला होता आणि त्या भिंतीला लावलेल्या काचेच्या कपाटात पत्र्याचं सामान होतं.

सामान तिच्या सासऱ्यांचं. ते बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी दर फेरीला ते कुठल्या कुठल्या बंदरातून मुलासाठी चावीचं एक खेळणं आणायचे. ढोल वाजवणारं अस्वल, उड्या मारणारा बेडूक, ड्रायव्हरसकट मोटार आणि सगळ्यांत मोठं म्हणजे हिरवं इंजिन. काशीराम लहानपणी त्यांच्याशी खेळला असावा असा शेवंतीचा आधी समज होता. लग्नानंतर कळलं की नाही. तो ती पुसायचा. पुढे मोठा झाला, गिरणीत लागला, पहिल्या बोनसात त्यानं शोकेस करून घेतलं, त्याला कुलूप लावलं आणि चावी जानव्यासारखी गळ्यात घातली. दसऱ्याला लोक हत्यारांची पूजा करतात. परब इंजिनाला झेंडू वाहायचे. पोटचा पोर चंदर ह्या घरात लहानाचा मोठा झाला तो काचेला नाक लावून. नाकाचा डाग पडला की बाप फडकं घेऊन हजर.

इथवर शेवंतीनं निभावलं. पण चंदरचं लग्न झालं, सून कमळ आली आणि वर्षाच्या आत नात झाली. हौसेनं तिचं नाव मृणालिनी ठेवलं आणि तेवढं म्हणायला कुणाला वेळ नसल्यानं सगळे मिनी म्हणू लागले. मिनीचा पाळणा टांगायला खोलीत एकच वासा धड होता आणि तो नेमका शोकेसच्या पुढ्यात. काशीरामनं पाळण्याला परवानगी दिली, पण झोका लहान द्यायचा ह्या अटीवर. कमळनं काही दिवस आखूड झोके दिले. नातीला त्या झोक्यांनी झोप येईना. मग एका संध्याकाळी कमळ भाजी निवडता निवडता सहज म्हणाली की दिंडोशीला तिच्या भावाच्या कॉलनीत एक खोली भाड्यानं मिळतेय, हे म्हणतात की जाऊ या.

शेवंतीच्या हातातली पालेभाजी तशीच राहिली. दिंडोशी म्हणजे काही विलायत नव्हे, पण डोंगराच्या पलीकडे आहे. नात डोंगरापलीकडे गेली की सणासुदीला दिसणार, पाहुणी होऊन. खोलीत एक माळा टाकला असता तर चंदर-कमळ वर झोपले असते, पाळणा खाली राहिला असता. माळ्याला पैसे लागत होते. आणि ते, हे तिला त्याच महिन्यात कळलं, घरातच काचेमागे बसून ढोल वाजवत होते.

कळलं ते असं. शेजारच्या मालनकडे सासऱ्याचं जुनं घड्याळ होतं, ते बघायला घाटकोपरहून चंद्रप्रकाश नावाचा जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. घड्याळाला त्यानं नाक मुरडलं. जाताना परबांचं दार उघडं होतं, त्यानं आत बघितलं आणि चपला न काढताच उंबऱ्यावर उभा राहिला. परदेशात लोक असली खेळणी लिलावात घेतात म्हणाला. मोठी झालेली माणसं, लहानपणाची आठवण म्हणून. एकट्या इंजिनाचा आकडा बोलला. शेवंतीनं तो त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतला, कारण तेवढ्यात माळा होत होता आणि वर त्याला जिनासुद्धा लाकडी.

काशीराम म्हणाला, विकायचं नाही.

त्यानंतरचे दोन महिने शेवंतीनं नवऱ्याशी जे बोलणं केलं त्याला बोलणं म्हणायचं तर भांड्यांच्या आवाजालाही बोलणं म्हणावं लागेल. तिनं समजावलं, अबोला धरला, आमटीत मीठ विसरली, आठवणीनं विसरली. शेवटी एकदा पाळणा जोरात हलवून ती एवढंच म्हणाली, "इंजिन ठेवा आणि नात पाठवा. नाहीतर उलटं करा. दोन्ही ह्या खोलीत मावत नाहीत." काशीरामनं फडकं घेऊन शोकेसची काच पुसली. मग म्हणाला, बरं. संक्रांतीनंतरच्या रविवारी चंद्रप्रकाशनं यायचं ठरलं.

मधे मिनीचं बोरन्हाण आलं. आणि बोरन्हाणासाठी गावाहून आली द्रौपदी, काशीरामची थोरली बहीण. हिला काशीराम आक्का म्हणायचा आणि तिच्यासमोर घरात चालतानाही पावलांचा आवाज होऊ द्यायचा नाही. आल्या आल्या तिनं लुटीच्या सामानाची पाहणी केली. बोरं होती, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या. पोरांनी लुटायची खेळणी म्हणून शेवंतीनं फेरीवाल्याकडच्या प्लास्टिकच्या शिट्ट्या आणल्या होत्या. द्रौपदीनं एक शिट्टी वाजवून बघितली. वाजली नाही. तिनं ती खाली ठेवली आणि काही बोलली नाही. शेवंतीनं तेव्हाच ओळखायला हवं होतं. आक्कांचं न बोलणं ह्या घरात नवीन होतं.

संध्याकाळी काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून मिनी पाटावर बसली. गल्लीतली पोरं भोवती दबा धरून. शेवंती मालनच्या स्वयंपाकघरात बायकांसाठी तिळगुळाच्या ताटल्या लावत होती, कारण आपल्या घरात आता ताटलीला जागा नव्हती. काशीराम आंघोळीला गेला होता आणि गळ्यातली चावी नेहमीप्रमाणे खुंटीवर होती. शेवंती ताट घेऊन दारात आली तेव्हा शोकेस सताड उघडं होतं, बोरं पोरीच्या डोक्यावरून ओघळत होती आणि अस्वल, बेडूक, मोटार, इंजिन पाटाभोवती रांगेत मांडलेली होती. लोखंड पोरीच्या डोक्यावर ओतायचं नाही एवढी अक्कल आक्कांनी दाखवली होती. "लुटा रे," द्रौपदी म्हणाली.

पोरांना दोनदा सांगावं लागलं नाही. मालनचा थोरला इंजिन छातीशी धरून शेवंतीच्या काखेखालून निसटला.

काशीराम टॉवेल गुंडाळून उभा होता. द्रौपदीनं पदरानं हात पुसले.

"बापाशीन तुका इंजिना हाडल्यान, माका रिबिनी," ती म्हणाली. "एकदा हात लावूक दिलंस नाय तू. ह्या सगळ्यात माझो वाटो आसा. तो मी आज पोरांका दिलंय. आता तू काय करतलंस ता कर."

आता आभाळ कोसळणार म्हणून शेवंतीनं ताट खाली ठेवलं. काशीराम दारापर्यंत गेला आणि गल्लीत वाकून मालनच्या पोराला एवढंच म्हणाला, "चावी पुरी पिळू नको." मग आत येऊन त्यानं शर्ट घातला.

शेवंतीला हे सहन होईना. एका माणसानं तीस वर्षं बायकोला, पोराला, पाळण्याला काचेपासून लांब ठेवावं आणि बहिणीपुढे टॉवेलवर गप्प राहावं, ह्याला काय म्हणायचं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः मालनकडे गेली. हातात नव्या शिट्ट्या होत्या, ह्या वाजणाऱ्या. तिनं गोडीत सांगितलं की आक्कांची चूक झाली, इंजिन तेवढं द्या.

मालन पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही.

"वहिनी, लुटलेलं परत घेतात का? मला काय, आत्ता काढून देईन. पण बोरन्हाण तुमच्या नातीचं आहे. तिला काय झालं-बिलं तर मला बोलू नका."

ज्या नातीसाठी इंजिन हवं होतं, त्याच नातीला ते लागायचं. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास होता का, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. शिट्ट्या मालनच्या ओट्यावर ठेवल्या आणि परत आली. रात्री मिनीला जरासा ताप आला तेव्हा आपण निदान मागून हट्ट धरला नाही ह्याचंच तिला बरं वाटलं. ताप दाताचा होता.

रविवारी चंद्रप्रकाश आला. रिकामं शोकेस बघून त्यानं कपाळाला हात लावला. मग हकीकत ऐकली, चहा घेतला आणि विचारलं की ज्यांच्याकडे माल आहे ती घरं कुठली. लुटलेलं परत मागू नये असा रिवाज आहे. विकू नये असा नाही, हे मालनच्या आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि त्याला घरं दाखवायला कोण उठलं, तर काशीराम. पायात चपला सरकवून हा गृहस्थ व्यापाऱ्याला दारोदार घेऊन निघाला. बेडकाची स्प्रिंग कशी सांभाळायची, मोटारीचा ड्रायव्हर कुठे सैल आहे, सगळं सांगत. शेवंती मागून गेली. मालनच्या ओट्यावर चंद्रप्रकाशनं इंजिन उलटंसुलटं केलं, इंग्लिश आहे म्हणाला आणि भाव पाडला. मालन द्यायला तयार होती.

"शेट, जर्मन आहे," काशीराम म्हणाला. "खाली बघा. इंग्लिश म्हणून नेऊ नका. ह्या बाईंना फसवू नका."

त्यानं मालनसाठी अर्धा तास घासाघीस केली. स्वतःच्या घरात दोन महिने त्याला आकडा ऐकायचा नव्हता. इथे तो वाढवून घेतला. शेवंतीनं घरी येऊन दार लावलं आणि विचारलं, हे शहाणपण तेव्हा कुठे गेलं होतं. माळा झाला असता. पोरं राहिली असती.

काशीरामनं शर्ट खुंटीला लावला. "तेव्हा ती माझी होती," तो म्हणाला. "आज आयत्या वेळी मी नाहीच म्हटलं असतं. तुला माहीत होतं की."

तिला माहीत होतं. त्यामुळेच संताप जास्त आला.

उन्हाळ्यात मालनकडे सुतार आले. माळा झाला, लाकडी जिन्यासकट. मालनला वरची जागा कशाला हवी होती, तिची पोरं अजून लहान. तिनं ती भाड्यानं द्यायची ठरवली आणि शेजारधर्म म्हणून आधी परबांना विचारलं. चंदर आणि कमळ दिंडोशीला गेले नाहीत. ते मालनच्या माळ्यावर राहायला गेले आणि महिन्याच्या महिन्याला तिला भाडं देऊ लागले. मिनी दिवसभर आजीकडे. शोकेस भंगारवाल्याला गेलं, पाळण्याला हवा तेवढा झोका मिळू लागला, आणि तोवर मिनी पाळण्यात झोपायची बंद झाली होती.

काशीराम परबांच्या घरात एकही खेळणं नाही. नात लाटण्यानं डबा वाजवते.